दाण्यातली पेंड आणि गिऱ्हाईकाची तक्रार

चिकनच्या दुकानावर बसणाऱ्या आमच्या बांधवांना ही तक्रार नवी नाही. गिऱ्हाईक सकाळी कोंबडी घेऊन जाते आणि संध्याकाळी येऊन सांगते, "भाई, रश्श्याला मासळीचा वास येत होता." दुकानदार म्हणतो, कोंबडी तुमच्यासमोर जिवंत तोलली, तुमच्यासमोर हलाल केली. दोघेही खरे बोलत असतात. खोट असते ती दाण्यात.

ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका आणि साधारण चौथा हिस्सा सोयाबीनची पेंड असते. मक्याने ताकद येते, पेंडीने मांस भरते. पोल्ट्रीच्या खर्चात सुमारे दोन तृतीयांश वाटा खाद्याचाच असल्याने पेंडीचा भाव चढला की पोल्ट्रीवाला स्वस्त प्रथिने शोधू लागतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयापेंड किलोला शंभर रुपयांच्या घरात गेली होती. अखेर सरकारला १२ लाख टन पेंड बाहेरून आणण्यास परवानगी द्यावी लागली. त्या दिवसांत ज्याला जे मिळाले ते त्याने दाण्यात मिसळले.

कोकणात सर्वांत जवळची वस्तू म्हणजे सुक्या मासळीची भुकटी. बंदरावर जी बारीक मासळी खाण्यासाठी विकली जात नाही, ती वाळवून दळली जाते. चांगल्या भुकटीत प्रथिने ५० ते ६० टक्के असतात आणि कोंबडीला हवे ते सर्व घटक त्यात मिळतात. पिल्लांसाठी यापेक्षा चांगली वस्तू क्वचितच सापडेल. अडचण तिच्या तेलाची आहे. गाय-बकरी खाल्लेले तेल पोटात बदलून टाकते. कोंबडीचे तसे नाही, जे तेल खाल्ले ते बरेचसे तसेच तिच्या चरबीत जाऊन बसते. मासळीचा वास मग थेट रश्श्यात उतरतो. म्हणून जाणकार पोल्ट्रीवाला मासळी सुरुवातीच्या दाण्यात देतो आणि विक्रीच्या दोन आठवडे आधी बंद करतो. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांतच विकायला निघतो, त्यामुळे हा हिशेब पहिल्या दिवसापासूनच ठेवावा लागतो.

मिठाचाही प्रश्न आहे. खारवलेली मासळी दळून घातली की पक्षी भरमसाट पाणी पितात, विष्ठा पातळ होते आणि खालचे भाताचे तूस ओले राहते. ओल्या तुसावर बसून छातीला फोड येतात, पायाचे तळवे जळतात. असा माल सोलल्यावर डागाळलेला दिसतो आणि नुकसान दुकानदाराच्या पदरी पडते.

आता गोणीवरच्या टक्क्यांविषयी. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरिया मिसळला की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिनेही वाढतात, कोंबडीच्या अंगावर मात्र काहीच चढत नाही. म्हणून भुकटी घेताना युरियाची वेगळी तपासणी मागावी. वाळू ओळखायला प्रयोगशाळाही नको. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन मूठभर भुकटी ढवळावी, तळाशी काय बसते ते डोळ्यांनी दिसते.

शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिने सोयापेंडीच्या जवळपास असतात. पण ओल लागली की तिच्यावर बुरशी येते आणि त्या बुरशीचे विष पक्ष्याच्या यकृतावर बसते. शिवाय तिच्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो बाहेरून घातला नाही तर छाती भरत नाही, पोटात चरबी साठते आणि कापणारा ती मुठीने काढून फेकतो. सरकीची पेंड ब्रॉयलरला थोडी चालते, अंड्याच्या कोंबडीला नको, कारण साठवलेल्या अंड्याचे बलक हिरवट पडते.

अलीकडे जोर आहे तो डीडीजीएसचा. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा वाळवून तो तयार होतो. मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रथिने ३० टक्क्यांच्या आसपास, तांदळाच्या ४० च्या वर. इथेनॉलचे कारखाने वाढले तसा हा माल बाजारात भरपूर आला, इतका की सोयापेंडीचा भाव दबला आणि लातूरकडील सोयाबीनवाला शेतकरी त्याच्या नावाने बोटे मोडू लागला. घेताना रंग पाहावा आणि वास घ्यावा. काळपट, करपट माल जादा तापलेला असतो, त्यातले लायसिन जळून गेलेले असते. धान्यात बुरशीचे विष असेल तर चोथ्यात ते सुमारे तिप्पट होते. हा माल दारूच्या जातीचा तर नाही ना, असे काही बांधव विचारतात. मद्यार्क काढून घेतल्यावरच हा चोथा वाळवतात, एवढे आम्ही सांगू शकतो. पुढचा मसला मुफ्तीसाहेबांना विचारावा.

हाडे-मांसाच्या भुकटीबाबत मात्र आम्ही स्पष्ट बोलू. अन्नसुरक्षेच्या नियमांनी मांसाच्या व दुधाच्या जनावरांना गाय-म्हैस वा डुकराचे मांस, रक्त, हाडे यांची भुकटी घालण्यास मनाई केली आहे, पण कोंबडी, डुक्कर आणि मासे यांना त्यातून वगळले आहे. म्हणजे कायदा इथे तुमच्या वतीने विचारणार नाही. हलाल म्हणून माल विकणाऱ्याने हा प्रश्न स्वतःच विचारला पाहिजे आणि उत्तर बिलावर लिहून घेतले पाहिजे. घाण खाणारी कोंबडी तीन दिवस कोंडून स्वच्छ दाण्यावर ठेवावी, अशी हजरत इब्ने उमर (रजि.) यांची रिवायत आहे आणि गावाकडे जुनी माणसे ती पाळतात. पण चरबीत बसलेला मासळीचा वास तीन दिवसांत जात नाही, हेही व्यापाऱ्याने जाणून असावे.

करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती यातले काहीच नसते. पिल्लू कंपनीचे, दाणा कंपनीचा, गोणीत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसते. त्याच्याकडून येणारा माल घेत असाल तर विचारपूस शेतकऱ्याकडे न करता कंपनीच्या सुपरवायझरकडे करावी. शेवटच्या दाण्यात, म्हणजे फिनिशरमध्ये, मासळी आहे की नाही, एवढे तरी त्याने सांगितलेच पाहिजे. तो टाळाटाळ करू लागला तर त्या लॉटमधली एक कोंबडी आधी स्वतःच्या घरी शिजवून पाहावी.