गोमेला पाय किती?

मित्रांनो, गोम तुम्ही सर्वांनी पाहिली असेलच. आपल्या अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात पावसाळा लागला की दगडाखाली, गोवऱ्यांच्या ढिगात, उसाच्या पाचटात ती सापडते. मोठ्या गोमेला घोण असेही म्हणतात.

संस्कृतमध्ये तिचे नाव शतपदी. शत म्हणजे शंभर आणि पद म्हणजे पाय. इंग्रजीत तिला सेंटिपीड म्हणतात. हे नाव लॅटिन भाषेवरून आले. त्याचा अर्थही शंभर पायांची असाच होतो. मग तिला खरोखर शंभर पाय असतात का?

शाळेच्या टाकीजवळ आम्हांला एक मेलेली गोम सापडली. गुरुजींनी ती पांढऱ्या कागदावर ठेवली. आम्ही काडीने एकेक पाय मोजला. एका बाजूला २१ भरले आणि दुसऱ्या बाजूला २०. एक पाय तुटलेला होता. म्हणजे पुरते पाय २१ × २ = ४२. शंभराच्या निम्मेसुद्धा नाहीत!

गोमेचे अंग लहान लहान खंडांचे असते. पायांच्या प्रत्येक खंडाला एकच जोडी असते. मोठ्या गोमेला बहुधा २१ किंवा २३ जोड्या असतात. घरात भिंतीवर पळणाऱ्या लांब पायांच्या गोमेला १५ जोड्या, म्हणजे ३० पाय. मातीत राहणाऱ्या बारीक गोमांना मात्र २७ पासून १९१ पर्यंत जोड्या असतात.

आता गंमत पाहा. अगदी क्वचित अपवाद सोडला तर जोड्यांची संख्या नेहमी विषम असते. शंभर पायांना ५० जोड्या लागतील, आणि ५० तर सम संख्या! ४९ जोड्यांचे ९८ पाय होतात, ५१ जोड्यांचे १०२. बरोब्बर शंभर काही जमत नाही. मग नाव असे का पडले? आई म्हणते, "तुला शंभरदा सांगितलं." ती काय मोजून सांगते? शंभर म्हणजे पुष्कळ, तसेच हे.

गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, अशी म्हण आहे. ती खरीच आहे. शिवाय कात टाकल्यावर तुटलेला पाय पुन्हा फुटतो.

आणि खरी गोम तर पुढेच आहे! गोम तोंडाने चावत नाही. तिच्या पायांची सर्वांत पुढची जोडी बदलून विषाच्या नांग्या झालेली असते. (ही जोडी आपण पायांत मोजली नाही.) त्या नांग्यांनी ती झुरळे, किडे पकडून खाते.

वाणी म्हणजे गोम नव्हे. वाणीला काही ठिकाणी पैसा म्हणतात, कारण हात लावला की ती पैशासारखी गोल होते. तिच्या बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या असतात. ती कुजका पाला खाते आणि चावत नाही. तिचे इंग्रजी नाव मिलिपीड, म्हणजे हजार पायांची. हजाराहून जास्त पायांची वाणी पहिल्यांदा २०२१ साली ऑस्ट्रेलियातून जगाला कळली. तिचे पाय १३०६!

मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला झोपेत गोम चावली. हात टम्म सुजला. रात्रभर तो रडत होता. म्हणून सर्वांना आणि पालकांनाही सांगतो. अंथरूण झटकून घाला. चप्पल-बूट आपटून मग पाय घाला. सरपण, गोवऱ्या काढताना आधी काठीने हलवा. गोम चावली तर जागा साबणाने धुवा आणि आरोग्य केंद्रात जा. दम लागला किंवा सूज पसरली तर मुळीच थांबू नका.

आणि वाणी दिसली तर उगाच ठेचू नका. तिला जाऊ द्या.

— इयत्ता चौथी