एक सर्व्हर, अनेक पत्ते

सातबारा उतारा, निरनिराळे दाखले, शाळांची माहिती आज नागरिकांस संगणकाच्या पडद्यावर मिळू लागली आहे. ही माहिती पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. नागरिकाची मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचावयाची, तर त्यास पत्ता हवा. हा पत्ता म्हणजे आयपी क्रमांक होय. तो सर्व्हरच्या नेटवर्क कार्डास दिलेला असतो. एका कार्डास एकच पत्ता असतो, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः एकाच कार्डास अनेक पत्ते देता येतात. या जादा पत्त्यांना तंत्रज्ञ ‘एलियस’ म्हणतात.

कार्य कसे चालते?

नेटवर्क कार्डास कारखान्यातच ४८ बिटांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. जाळ्यातील एखादे यंत्र ‘१९२.०.२.१० हा पत्ता कोणाचा?’ अशी विचारणा करते, तेव्हा संबंधित सर्व्हर आपल्या कार्डाचा क्रमांक कळवितो. १९२.०.२.११ हा पत्ताही त्याच कार्डास जोडलेला असेल, तर त्याविषयीच्या विचारणेसही तेच उत्तर मिळते. एकाच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन गावांचा कार्यभार असावा, तसाच हा प्रकार आहे. दोन्ही गावांचा टपाल एकाच हाती येतो. उत्तर मात्र ज्या त्या ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी जाते.

गरज का भासली?

मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेबच्या नियमांनुसार, कोणते संकेतस्थळ हवे ते नाव सर्व्हरला कळविण्याची सोय नव्हती. एका सर्व्हरवर दहा संकेतस्थळे ठेवावयाची, तर सामान्यतः दहा पत्ते लागत. जानेवारी १९९७ च्या सुधारित नियमांनी नाव कळविणे आवश्यक केले आणि ही निकड पुष्कळ कमी झाली. ते इष्टच झाले. कारण ३२ बिटांच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला.

आज जादा पत्त्याचा मोठा उपयोग सेवा अखंड राखण्यासाठी होतो. जुना सर्व्हर बंद करून त्याचा पत्ता त्याच जाळ्यातील नव्या सर्व्हरला जोडता येतो. नवा सर्व्हर तसे जाळ्यात घोषित करतो आणि नागरिक पूर्वीच्याच पत्त्यावर सेवा घेत राहतात.

घ्यावयाची दक्षता

एकच पत्ता दोन यंत्रांना दिला गेल्यास मागणी कधी एकाकडे, तर कधी दुसऱ्याकडे जाते व सेवा विस्कळीत होते. लिनक्स प्रणालीत केवळ आज्ञा देऊन जोडलेला पत्ता यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो. म्हणून त्याची नोंद प्रणालीच्या कायम मांडणीत करावी लागते. तसेच सर्व पत्त्यांवर चालणारी सेवा नव्या पत्त्यावरही आपोआप खुली होते. सुरक्षा-नियम त्या पत्त्यासही लागू केले आहेत की नाहीत, हे पाहणे अगत्याचे आहे.

पत्ते वाढले म्हणून यंत्राची शक्ती वाढत नाही. दोन गावांचा अधिकारी रजेवर गेला, की दोन्हीकडील काम खोळंबते. तद्वत सर्व्हर बंद पडला, की त्यावरील सर्व पत्ते मूक होतात. दुसरा सज्ज सर्व्हर ठेवणे आणि कोणता पत्ता कोणत्या यंत्रास, कोणत्या कामासाठी व केव्हा दिला याची नोंदवही अद्ययावत राखणे, यांवरच या सोयीचे यश अवलंबून आहे.