साप, सलाईन आणि सिस्टर

नागपूरच्या महालातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. मुलगी चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करून नोकरीला लागली, तरी सलाईन लावताना सीनियर सिस्टरना हाक मारते. आत्मविश्वास कमी आहे का?

ताई, हाक मारते हे चांगलंच आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४च्या पुस्तकात नर्सच्या जडणघडणीच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवी पदवीधर दुसऱ्या पायरीवर असते. तिसरी गाठायला तशाच कामात दोन-तीन वर्षं जातात.

भरवसा येतो कुठून, याचा माझा आवडता पुरावा सापांचा आहे. स्टॅनफर्डच्या अल्बर्ट बांडुरांनी सापाच्या नावानंच चळचळा कापणारी माणसं गोळा केली. जाणकारानं आधी स्वतः साप हाताळून दाखवायचा, मग भित्र्याला सोबत घेऊन त्याच्याकडून करवून घ्यायचं. १९७५च्या प्रयोगात त्यांनी एक भर घातली: भीती ओसरल्यावर काहींना सापाबरोबर एकटंच वावरू दिलं. अनोळखी सापापुढे हीच मंडळी कमी डगमगली, आणि ‘आपल्याला जमतं’ असंही त्यांनाच जास्त वाटलं. (सापाचं मत कोणी नोंदवलं नाही.)

वॉर्डात वेगळं काय घडतं? शीर सापडत नाही. सिस्टर म्हणतात, ‘हात खाली सोडायला सांग, मूठ मिटू दे, आता बोटानं चाचप.’ आणि गप्प राहतात. कॅन्युलात रक्त दिसतं. सिस्टरनी स्वतः सुई घेतली असती तर काम मिनिटात उरकलं असतं. पण पुढच्या पेशंटला परत त्याच लागल्या असत्या.

नागपूरकरांना हे असं शेजारी उभं राहणं परकं नसावं. कमलाताई होस्पेट नर्सिंग शिकून बाहेर पडल्या आणि १९२१ साली त्यांनी चार खाटांचं प्रसूतिगृह काढलं. तेच मातृसेवा संघ. महालातही त्याचं रुग्णालय आहे. सोबत वेणूताई नेने होत्या. त्यांचं नाव नेहमी अर्ध्या ओळीत आटोपतात, याचा मला राग येतो. नव्या कामात शेजारी दुसरी बाई असणं ही साधी गोष्ट नव्हे.

हल्ली ‘मेंटॉरशिप’चा बराच गाजावाजा आहे. त्यावरच्या कित्येक अभ्यासांत मुलींनाच विचारतात, आत्मविश्वास वाटतो का? तो वाटणं वेगळं, हात बसणं वेगळं. मी असतो तर रात्रपाळीचं ड्यूटीपत्रक मागितलं असतं: वॉर्डात नव्या किती, मुरलेल्या किती. मेंटॉरच्या रकान्यात नाव असलेल्या सिस्टर त्या रात्री दुसऱ्याच मजल्यावर असतील, तर हाक मारायची कोणाला?