गाडी टिकटिक करते तेव्हा



आज बोलायचं आहे मोटारसायकलच्या आवाजाबद्दल. हा विषय बायकांचा कसा, असं कुणी विचारेल. पण डेअरीला दूध घालायला गाडीच जाते, बाजाराला मेथीच्या जुड्या गाडीवरच जातात, आणि गाडीचं काम निघालं की पैसे बहुतेक वेळा आपल्याच डब्यातून निघतात. बचत गटाच्या बैठकीतही ‘इंजिनचं काम निघालंय, कर्ज हवं’ असा अर्ज अधूनमधून येतोच. काय झालं विचारलं तर सांगतात, ‘टिकटिक आवाज येतोय, गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलावं लागेल.’ पुढं कुणी काही विचारत नाही, कारण काय विचारायचं ते माहीत नसतं. ते आज बघू.

आधी एक गोष्ट. शंभर सीसीची साधी गाडी चालू करून उभी ठेवली, की इंजिनातून बारीक आवाज येतोच. आपली शिलाई मशीन लांबून ऐकावी तसा. तो असायलाच हवा. का असायला हवा, ते समजलं की बाकीचं सोपं जातं.

इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. त्यात दोन छोटी दारं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एका दारातून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून जळालेला धूर सायलेन्सरकडे जातो. ही दारं उघडायला तराजूच्या दांडीसारखा एक लोखंडी तुकडा असतो. त्याचं एक टोक वर उचललं गेलं की दुसरं टोक खाली जाऊन व्हॉल्व्हच्या डोक्यावर दाब देतं. दांडीचं टोक आणि व्हॉल्व्हचं डोकं यांच्यात बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते, साधारण आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी. गॅरेजवाले जिला टॅपेटची सेटिंग म्हणतात, ती म्हणजे ही फट.

फट कशासाठी? बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो, हे आपल्यातल्या मोठ्या बायकांनी पाहिलेलं आहे. तापलं की लोखंड वाढतं. व्हॉल्व्हही तापून लांब होतो. फट ठेवली नाही तर लांब झालेला व्हॉल्व्ह दांडीला टेकून राहतो आणि दार पूर्ण बंद होत नाही. म्हणून फट हवी, आणि फट आहे म्हणून दांडी व्हॉल्व्हवर टेकताना बारीक आवाज होतो. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण चौदाशे फेरे घेतं आणि प्रत्येक दार दोन फेऱ्यांत एकदा उघडतं. म्हणजे एका दाराचीच सेकंदाला अकरा-बारा वेळा टिकटिक.

गाडी चालून चालून भाग झिजतात, फट मोठी होते आणि टिकटिक वाढते. अशा वेळी फट पुन्हा मापावर आणायची, एवढंच काम असतं. त्यासाठी इंजिन खोलावं लागत नाही. हेडवरची दोन लहान झाकणं आणि बाजूची एक-दोन बुचं काढली की झालं.

पण प्रत्येक टिकटिक टॅपेटचीच असते असंही नाही. म्हणून गॅरेजला जायच्या आधी घरी थोडं बघून घ्यावं. गाडी मोकळ्या अंगणात, सपाट जागी, मेन स्टँडवर लावा. बंद पडवीत चालू करू नका, धूर विषारी असतो. पदर, ओढणी खोचून घ्या आणि चेनपासून लांब राहा.

पहिला प्रश्न, आवाज उभ्या गाडीत येतो की फक्त चालताना? फक्त चालताना येत असेल तर तो बहुधा इंजिनाचा नाहीच. मागच्या चाकाची चेन सैल होऊन कव्हरवर आपटत असते, किंवा नंबर प्लेटचा नट ढिला असतो. हसू नका, अशा नटापायी लोक गॅरेजला गेलेले आहेत.

उभ्या गाडीतही येत असेल तर ऑइल बघा. बाकी सगळ्याच्या आधी ऑइल. गाडी दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा, मग ऑइलचं बूच काढा. त्याला पट्टी असते. पट्टी पुसून परत घाला आणि काढून बघा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. स्प्लेंडरसारख्या गाडीत बघताना बुचाचे आटे फिरवायचे नाहीत, नुसतं टेकवायचं. आटे आवळले की पट्टी जास्त आत जाते आणि कमी असलेलं ऑइल पुरेसं दिसतं. काही गाड्यांत पट्टीऐवजी काचेची खिडकी असते. तुमच्या गाडीची रीत तिच्यासोबत मिळालेल्या पुस्तिकेत चित्रासह दिलेली असते. ती पुस्तिका रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, रद्दीत नको.

या गाड्यांत ऑइल जेमतेम लिटरभर असतं. त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी फरक पडतो. वर हेडपर्यंत ऑइल नीट पोचलं नाही की दांड्या कोरड्या घासतात आणि टिकटिक वाढते. ऑइल कमी असेल तर भरा, जुनं काळंकुट्ट असेल तर बदला आणि मग पुन्हा ऐका. इथं एक सांगते. घरात ट्रॅक्टरचं ऑइल उरलेलं असतं, तेच ओतण्याचा मोह होतो. ओतू नका. मोटारसायकलचा क्लच बहुतेक गाड्यांत त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि चुकीच्या ऑइलानं तो घसरायला लागतो. आवाज दबावा म्हणून जाड ऑइल घालायचा सल्लाही कुणी देतं. त्यानं आवाज काही दिवस कमी वाटेल, फट मात्र तेवढीच राहील. पुस्तिकेत जे ऑइल लिहिलंय तेच घाला.

ऑइल ठीक असेल तर सायलेन्सरचा बेंड पाइप जिथं इंजिनाला जोडलेला आहे, तिथं बघा. गाडी गार असताना बघा, तापलेल्या पाइपानं कातडी सोलून निघते. त्या जोडाभोवती काळी काजळी दिसली तर तिथून धूर गळतोय. गळती असली की टिक-टिक, फट-फट असा आवाज येतो. तो सकाळी जास्त असतो आणि गाडी तापली की कमी होतो, कारण तापलेलं धातू फुगून जोड थोडा आवळतो. काम लहान आहे. आतलं गॅस्केट बदलायचं आणि नट आवळायचे. स्पार्क प्लग ढिला असला तरी असाच आवाज येतो, तोही गॅरेजवाल्याला बघायला सांगा.

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस सहा गाड्यांत पेट्रोल सोडायला बहुतेक वेळा इंजेक्टर असतो. तो हलकी टिकटिक करतो, ते त्याचं कामच आहे. गाडी बंद केल्यावर थोडा वेळ टिंग टिंग येतं, तेही सोडून द्या, तो गार होणाऱ्या लोखंडाचा आवाज आहे.

आवाज नक्की कुठून येतोय हे शोधायची जुनी युक्ती आहे. लांब पेचकस घ्यायचा, टोक इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावर टेकवायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची. डॉक्टरांच्या नळीसारखं ऐकू येतं. हेडच्या झाकणाजवळ टिकटिक स्पष्ट आली तर टॅपेट. आवाज टिकटिक नसून खरखर, सळसळ असेल आणि इंजिनाच्या कडेला जास्त येत असेल, तर आतली टायमिंग चेन सैल झालेली असू शकते. ते काम टॅपेटपेक्षा मोठं आहे. आणि इंजिनाच्या खालच्या भागातून जड ठक-ठक येत असेल, ॲक्सिलरेटर पिळल्यावर वाढत असेल, तर गाडी तिथंच बंद करा. तशीच डेअरीपर्यंत न्यायची नाही. तो खरा मोठ्या कामाचा आवाज आहे आणि त्याला कर्ज लागलं तर ते रास्त आहे.

आता गॅरेजमध्ये. टॅपेटची फट इंजिन पूर्ण गार असताना मोजायची असते. तुम्ही पाच किलोमीटर गाडी चालवत नेली आणि पोचल्या पोचल्या सेटिंग केली, तर माप चुकतं. म्हणून गाडी संध्याकाळी ठेवून यायची आणि सकाळी काम करायला सांगायचं. फट मोजायला पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांना फिलर गेज म्हणतात. अनुभवी मिस्त्री नुसतं बोटानं हलवून अंदाज घेतात. त्यांच्या हाताबद्दल आदर आहे, तरी केसाएवढ्या फटीला पट्टीच बरी. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा मोजायला हवं. सरळ सांगा, ‘दादा, ऑइल मी बघितलंय. गाडी रात्रभर राहू दे, सकाळी गेज लावून टॅपेट बघा. हेड उतरवायचं म्हणलात तर आधी मला फोन करा.’ एवढं बोललं की समोरचा माणूसही वेगळ्या तऱ्हेनं बोलायला लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ‘आवाज पार बंद करून द्या’ असं कधीही म्हणू नका. आवाज पार बंद करायचा तर फट बुजवावी लागते. मग गाडी गप्प चालते, घरचे खूश होतात, पण तापल्यावर दार नीट बंद होत नाही. धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह दार बंद असताना आपली उष्णता हेडला देऊन गार होतो. दार बंदच झालं नाही तर तो जळतो. तेव्हा मात्र खरोखर हेड उतरवावं लागतं. सैल टॅपेट बोलून दाखवतो, घट्ट टॅपेट काही बोलत नाही. त्याच्या खुणा दुसऱ्या असतात. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, किक हलकी लागते, चढाला दम लागतो. सेटिंग करून आणल्यावर यातलं काही दिसलं तर दोन-चार दिवसांतच परत न्या.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गार असतानाच, गाडी चालू करून ऐका. शिलाई मशीनसारखा बारीक आवाज राहिला असेल तर काम ठीक झालं. हेडवरच्या झाकणांभोवती ऑइल पाझरलेलं दिसलं तर आतली रबरी रिंग खराब आहे, ती बदलून घ्या. कामाची तारीख आणि गाडीचे किलोमीटर गटाच्या वहीत किंवा कॅलेंडरवर लिहा. स्कूटर चालवणाऱ्या मैत्रिणींनो, टॅपेट तुमच्याही गाडीत असतो, फक्त तो सीटखाली झाकलेला असल्यामुळे आवाज उशिरा कानावर येतो. तुमच्या पुस्तिकेतही तपासणीचे किलोमीटर दिलेले असतात, ते आज घरी गेल्यावर बघून ठेवा.