यकृतविकारांचे ध्वनिचित्र : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात

श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने शरीराच्या अंतर्भागाचे चित्र मिळविण्याची पद्धती, म्हणजेच सर्वपरिचित सोनोग्राफी, ही यकृतविकारांच्या परीक्षेतील पहिली पायरी होऊन बसली आहे. ती वेदनारहित आहे, क्ष-किरणांपासून संभवणारा धोका तिच्यात नाही आणि तिचा निष्कर्ष तत्काळ हाती येतो. परंतु साधन जितके सुलभ, तितका त्यावर सर्वस्वी विसंबण्याचा मोहही अधिक. ध्वनिचित्र यकृताची अवस्था दाखविते. त्या अवस्थेचे कारण ते बहुधा दाखवीत नाही. हा भेद पाठ्यग्रंथात वाचताना किरकोळ वाटतो. जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतून आलेल्या रुग्णाचे चित्र वाचताना मात्र उपचाराची दिशाच त्यावर अवलंबून राहते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, त्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात हे दोन तालुके वसले आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, कोळी मल्हार, महादेव कोळी इत्यादी आदिवासी समाजांची येथे बहुसंख्य वस्ती आहे. नागली, वरई आणि भात ही येथील मुख्य पिके. शेतीची कामे उरकली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व बांधकामे यांवरील मजुरीसाठी भिवंडी, वसई, ठाणे या बाजूंस स्थलांतर करतात. आणि पावसाळ्यात, घरातील धान्य सरत आलेले असताना, टंचाईचे दिवस येतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंनी या परिसरातील कुपोषणाचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे आणला. येथील यकृताचा विचार या पार्श्वभूमीपासून वेगळा काढून करता येत नाही.

चित्र कसे उमटते

प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली काही स्फटिकांचा असा गुणधर्म दाखवून दिला की, त्यांवर दाब दिला असता विद्युत्भार निर्माण होतो. याच्या उलट, विद्युत्दाब बदलला असता असा स्फटिक कंप पावतो. सोनोग्राफीच्या शोधनीतील घटक याच तत्त्वावर ध्वनी निर्माण करतात व परतलेला प्रतिध्वनी ग्रहणही करतात. ग्लासगो येथील इयन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली उदरातील गाठींच्या परीक्षेसाठी या पद्धतीचा उपयोग प्रसिद्ध केला आणि वैद्यकात तिचा मार्ग मोकळा झाला.

मृदू ऊतकांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. यकृतासाठी सामान्यतः २ ते ५ मेगाहर्ट्‌झ कंप्रता वापरतात. ३.५ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेस तरंगलांबी सुमारे ०.४४ मिलिमीटर येते. एक सेंटिमीटर खोल जाऊन परत येण्यास ध्वनीला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात. या काळावरूनच यंत्र खोली ठरविते. दोन ऊतकांच्या सीमेवर, तसेच ऊतकातील सूक्ष्म विषमतेवर, ध्वनीचा काही अंश परावर्तित वा विखुरित होतो. परतलेला अंश जितका मोठा, तितका चित्रातील तो बिंदू उजळ. द्रवातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून पित्ताशय काळे दिसते. पित्तखड्यावरून बहुतेक ध्वनी परततो, म्हणून तो पांढरा दिसून त्याच्यामागे छाया पडते.

तात्पर्य, पडद्यावरील करडी छटा हे ध्वनीच्या विखुरण्याचे माप होय. तिला कारणाचा लेख समजणे ही पहिली चूक ठरते.

उजळ यकृत : एक चित्र, अनेक कारणे

निरोगी यकृताचा पोत एकसारखा व मध्यम करडा असतो. प्रौढात त्याची उजळता उजव्या मूत्रपिंडाच्या बाह्य भागाइतकी वा त्याहून किंचित अधिक दिसते. यकृतकोशिकांत मेदाचे थेंब साठले म्हणजे विखुरणे वाढते व यकृत मूत्रपिंडाच्या मानाने स्पष्टपणे उजळ दिसू लागते. याची प्रत चढत्या क्रमाने तीन प्रकारांत मांडतात : पहिल्यात केवळ उजळता वाढते, दुसऱ्यात प्रवेशिनी नीलेच्या शाखांच्या भिंती अंधुक होतात, तिसऱ्यात ध्वनीचा ऱ्हास इतका होतो की, खोलवरचे मध्यपटल दिसेनासे होते. मेदाचे प्रमाण अल्प असेल तर ते या पद्धतीस बहुधा दिसतच नाही.

तुलनेचा हा मापदंडही सर्वत्र सारखा नसतो. तान्ह्या बालकाच्या पहिल्या काही महिन्यांत मूत्रपिंडाचा बाह्य भाग स्वभावतःच उजळ असतो. सिकलसेल रोगाच्या काही रुग्णांतही मूत्रपिंड अधिक उजळ दिसते. अशा वेळी मेदयुक्त यकृतही सामान्य भासू शकेल.

आता हा मेद कोठून आला, हा प्रश्न. शहरातील रुग्णात तो बहुधा अतिरिक्त आहार, स्थूलता व मधुमेह यांच्याशी निगडित असतो. परंतु अन्नाच्या अभावीही यकृत मेदाने भरते, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटणारे सत्य आहे. यकृतातील मेद रक्तात जाण्यासाठी त्याला प्रथिनाचे वेष्टण लागते. कुपोषित बालकाच्या यकृतात हे वेष्टणप्रथिन पुरेसे तयार होत नाही. उलट उपाशी शरीराच्या मेदसाठ्यातून सुटलेली मेदाम्ले यकृताकडे येतच राहतात. आवक चालू आणि जावक बंद अशी स्थिती होऊन यकृत मोठे व उजळ होते. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधील, म्हणजे आजच्या घानातील, बालकांत वर्णिलेल्या व पुढे क्वाशिओरकर या नावाने ओळखल्या गेलेल्या सूजयुक्त कुपोषणात हे विशेषत्वाने आढळते. केवळ प्रथिनांच्या उणिवेने त्या विकाराचा संपूर्ण उलगडा होतो, असे मात्र आज मानले जात नाही. अशा यकृताचे पुढे सूत्रण रोगात रूपांतर होते, ही विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचलित असलेली कल्पनाही टिकली नाही. योग्य आहार मिळाल्यावर हा मेद सावकाश ओसरतो.

यातून उद्‌भवणारा व्यावहारिक धोका गंभीर आहे. ‘मेदयुक्त यकृत’ एवढाच शेरा लिहिलेला अहवाल हाती पडला आणि त्यावरून तेल, तूप, अंडी वर्ज्य करण्याचा सल्ला दिला गेला, तर स्थूल प्रौढाचे त्याने फारसे बिघडणार नाही. परंतु दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असलेल्या व पायांवर सूज आलेल्या बालकाच्या बाबतीत तो सल्ला घातक ठरेल. त्या बालकास अन्नच औषध आहे. फक्त ते क्रमाक्रमाने, संसर्गावरील उपचारांसह व देखरेखीखाली द्यावे लागते. एकाच चित्रावरून दोन परस्परविरुद्ध उपचार निघतात, आणि त्यांतील योग्य तो निवडण्याचा आधार चित्राबाहेर, म्हणजे बालकाचे वजन, दंडाचा घेर व पायांवरील सूज यांत असतो. स्थलांतरित कुटुंबातील बालकाची तपासणी भिवंडीत वा वसईत झाली, तर हा आधार सुटण्याचा संभव अधिक. तेथे उजळ यकृत म्हणजे स्थूलता, हा संस्कार परीक्षकाच्या डोळ्यांवर झालेला असतो.

कृश प्रौढाच्या बाबतीतही घाईने निर्णय करणे इष्ट नाही. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मद्यपानाशी संबंध नसलेले मेदयुक्त यकृत ८.७ टक्के लोकांत आढळले. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचा देहभारांक २५ हून कमी होता. म्हणून मोखाड्यातील कृश मजुराच्या उजळ यकृतामागे मद्यपान, अन्नन्यूनता वा चयापचयातील बिघाड यांपैकी काहीही असू शकते, किंवा ही कारणे एकत्रही असू शकतात.

यकृत, प्रवेशिनी नीला आणि प्लीहा

यकृत् सूत्रण रोगात पोत खरखरीत होतो, पृष्ठभागावर गाठी उमटतात, उजवा खंड आक्रसतो व पुच्छखंड वाढतो. प्रवेशिनी नीलेचा व्यास १३ मिलिमीटरहून अधिक भरणे, प्लीहा मोठी होणे व जलोदर ही त्या नीलेतील वाढलेल्या रक्तदाबाची चिन्हे होत. परंतु मोठी प्लीहा पाहून लगेच सूत्रण रोगाचे निदान करू नये. भारतात प्रवेशिनी नीलेतच अडथळा निर्माण झाल्याने प्लीहा वाढलेली बालके व तरुण आढळतात. त्यांत नीलेच्या जागी बारीक वाहिन्यांचे जाळे दिसते आणि यकृताचा पोत जवळजवळ निर्दोष असतो. हिवतापातही प्लीहा वाढते.

आदिवासी समाजांत विशेष आढळणाऱ्या सिकलसेल रोगाचा विचार येथे आवश्यक ठरतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. या रोगात रक्तकोशिका अकाली नष्ट होऊन पित्तरंजक वाढते व लहान वयातच पित्तखडे होतात. आफ्रिकी रुग्णांच्या वर्णनांवर आधारलेल्या ग्रंथांत प्लीहा बालपणीच आक्रसते असे वाचावयास मिळते. भारतीय रुग्णांत मात्र ती पुष्कळदा दीर्घकाळ मोठी राहते. म्हणून कावीळ, पित्तखडे व मोठी प्लीहा हे त्रिकूट एखाद्या तरुण रुग्णात दिसल्यास, यकृताच्या मूळ विकाराची कल्पना करण्यापूर्वी सिकलसेलची रक्तपरीक्षा करावी.

विद्रधी : चित्राचे सामर्थ्य

आमांशाच्या जंतूमुळे होणाऱ्या यकृतविद्रधीत ध्वनिचित्राचे खरे सामर्थ्य दिसते. ताप, उजव्या बरगड्यांखाली वेदना आणि चित्रात बहुधा उजव्या खंडात, वेष्टणालगत, गोलसर, यकृताहून काळसर व आत मंद प्रतिध्वनी असलेला भाग, एवढ्यावर उपचार सुरू करता येतात. स्थानिक मद्य घेणाऱ्या तरुण पुरुषांत हा विकार अधिक आढळतो. डाव्या खंडातील विद्रधी हृदयावरणात फुटण्याचे भय असल्याने तिची जागा नोंदणे अगत्याचे आहे. येथेही मर्यादा आहेतच : आमांशजन्य व पूयजंतुजन्य विद्रधी केवळ चित्रावरून वेगळ्या ओळखता येत नाहीत. शिवाय रुग्ण पूर्ण बरा झाल्यानंतरही ती पोकळी चित्रात कित्येक महिने दिसत राहते. तिला उपचाराचे अपयश समजून औषधे पुनःपुन्हा देणे अनुचित होय.

कारणाचा शोध घरात

यकृतविकाराचे कारण रुग्णाच्या घरात सापडल्याची दोन उदाहरणे पश्चिम भारतातीलच आहेत. १९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांच्या आदिवासी गावांत कावीळ व जलोदर यांची साथ उद्‌भवली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्या गावांतील कुत्रीही आजारी पडून मेली. अवेळी पावसाने भिजलेल्या मक्यावर वाढलेल्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष त्याच्या मुळाशी होते. दुसरे उदाहरण पुण्याचे. भारतीय बालकांतील एका विशिष्ट प्रकारच्या सूत्रण रोगाचा संबंध पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापविलेल्या दुधाशी असावा, असे तेथील संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले. भांडी बदलत गेली तसा तो रोगही दुर्मीळ होत गेला. पहिल्या प्रसंगी धान्याच्या कणगीने आणि दुसऱ्या प्रसंगी दुधाच्या भांड्याने जे सांगितले, ते कितीही सूक्ष्म ध्वनिचित्राला सांगता आले नसते.

साधन आणि त्याची वाट

ऊतकाचा ताठरपणा मोजण्याच्या नव्या पद्धतीही याच मर्यादेत येतात. छेदतरंगाचा वेग सेकंदाला १.३ मीटर असता ताठरपणा सुमारे ५ किलोपास्कल येतो, व तो सामान्य समजला जातो. सूत्रण वाढले की वेग वाढतो. परंतु तीव्र दाह व हृदयविकारामुळे यकृतात तुंबलेले रक्त यांनीही तो वाढतो.

यंत्र रुग्णाच्या दारी नेण्यासही बंधने आहेत. गर्भलिंगनिदानाचा दुरुपयोग रोखण्यासाठी १९९४ साली संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक यंत्राची नोंदणी आवश्यक केली, आणि २०१२ च्या नियमदुरुस्तीने वाहून नेण्याजोग्या यंत्रांच्या वापरावर मर्यादा घातल्या. त्या कायद्याचा हेतू निर्विवाद आहे. त्याचा एक परिणाम असा की, पाड्यावरील रुग्णालाच यंत्रापर्यंत यावे लागते, आणि एका तपासणीसाठी त्याची दिवसाची मजुरी बुडते. अशा कष्टाने मिळालेला अहवाल अर्थपूर्ण असला पाहिजे.

त्यासाठी अहवालाची भाषा शिस्तबद्ध असावी. जे दिसले ते प्रथम मापांसह नोंदवावे : यकृताचा आकार, पोत, पृष्ठभाग, नीलेचा व्यास, प्लीहेची लांबी. संभाव्य कारण त्याहून वेगळे, शक्यता म्हणूनच लिहावे. बालकाच्या अहवालात वजन, दंडाचा घेर व पायांवरील सूज यांचा उल्लेख असावा. प्रौढाच्या अहवालात मद्यपान, स्थलांतर व आहार यांचा. एवढी नोंद करावयास फार वेळ लागत नाही. परंतु तिच्या अभावी उपाशी बालकाचे यकृत आणि अतिपुष्ट प्रौढाचे यकृत कागदावर एकच होऊन जाते, आणि ज्याला अन्न हवे त्याला पथ्य सांगितले जाते.