डासाला कुंपण नाहीं

घराचें कुंपण ही मोठी सोयीची वस्तु आहे. त्यानें गुरें अडतात, आणि 'हें माझें, तें तुमचें' असेंही म्हणतां येतें. परंतु डासाला कुंपण ठाऊक नाहीं. माझ्या गच्चीवरील उघड्या टांकींत जन्मलेला डास आपल्या मुलाला चावतो, आणि आपल्या कुंडीखालच्या बशींतला माझ्या नातवाला. म्हणून डासांचा बंदोबस्त हें एका घराचें काम नसून साऱ्या वस्तीचें आहे.

हिंवताप दूषित हवेनें होतो, असा समज पूर्वीं सार्वत्रिक होता. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच 'वाईट हवा' असा आहे. १८९७ सालच्या ऑगस्टांत डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथें, रोग्याचें रक्त प्यालेल्या डासाच्या जठरांत या रोगाचे जंतु दिसले, आणि हवेवरचा आरोप उडाला.

मुंबईंतील हिंवतापाची चौकशी करून डॉक्टर बेंटले यांनीं १९११ सालीं अहवाल दिला. त्यांत दोष मुख्यत्वें आला तो घरोघरच्या विहिरींवर. ॲनॉफिलीस स्टीफेन्साय या जातीची मादी स्वच्छ, स्थिर पाण्यांत अंडीं घालते. विहिरी झांकाव्या किंवा बुजवाव्या, असें ठरतांच कित्येक कुटुंबांच्या धर्मभावना दुखावल्या. कारण विहीर हें त्यांचें पूजास्थानही होतें. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. विहीर राखून डासाला मज्जाव करणारें झांकण, हाच त्यांतला मध्यम मार्ग.

आज तीच मादी इमारतींच्या टांक्यांत आणि बांधकामावर सांठलेल्या पाण्यांत आढळते. डेंग्यू पसरविणारी एडीस जातीची मादी तर अधिकच घरगुती. फुलदाणी, टाकलेलें टायर, नारळाची करवंटीही तिला पुरते. ती दिवसां चावते. सबब रात्रीच्या मच्छरदाणीनें तिच्यापासून सुटका नाहीं. तिचीं अंडीं भांड्याच्या कडेला चिकटतात, आणि कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून भांडें नुसतें ओतून भागत नाहीं. तें आंतून घांसलें पाहिजे.

उष्ण हवेंत अंड्याचा डास होण्यास साधारणपणें आठवड्याहून थोडा अधिक काळ लागतो. आठवड्यांतून एक दिवस कोरडा पाळावा, असें सांगतात, तें याच हिशेबानें. मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडावे. ते अळ्या खातात. धुराची गाडी येऊन गेली कीं आपण निश्चिंत होतों. परंतु धुरानें मरतात ते उडते डास. पाण्यांतल्या अळ्या तशाच राहतात.

आतां एक लहानसें गणित. वीस बिऱ्हाडांच्या चाळींत एकोणीस बिऱ्हाडांनीं नियम पाळला, आणि विसाव्यानें मोरींतलें पिंप उघडें ठेविलें. परीक्षेंत विसांपैकीं एकोणीस गुण म्हणजे उत्तम यश. येथें मात्र एकच मादी एका खेपेस शंभराच्या आसपास अंडीं घालते, आणि त्या एका पिंपाचा ताप एकोणीस दारीं जातो.

टांकी तपासावयास महापालिकेचा मनुष्य आला, तर त्याला दारांतून परत लावूं नये. गच्चीची किल्ली कोणाकडे असेल, हें आधींच ठरवावें. आणि शेजाऱ्याचें पिंप उघडें दिसलें, तर तक्रारीचा अर्ज लिहिण्यापूर्वीं एखादें झांकण घेऊन त्याच्या दारीं जावें.