मूल दत्तक जाण्याआधी पालकांना कळले पाहिजे : बाल न्याय कायदा आणि आपली जबाबदारी

वीटभट्टी, उसाचा फड, बांधकामाची साईट, रेल्वे स्टेशनचा फलाट. आपल्या समाजातील अनेक कष्टकरी कुटुंबांची मुले अशाच ठिकाणी वाढतात. एखादे मूल गर्दीत चुकते, एखादे घरातून निघून जाते, एखाद्याला आजारी आई नाइलाजाने कुणाकडे तरी सोपवते. असे मूल पोलिसांच्या किंवा संस्थेच्या हाती लागले की पुढची प्रक्रिया कायद्याने ठरलेल्या मुदतीत चालते. पालकांना ती माहीत नसेल तर मूल कायमचे दुसऱ्या कुटुंबात जाऊ शकते. म्हणून आम्ही ही प्रक्रिया सोप्या भाषेत मांडत आहोत.

मूल समितीसमोर आल्यावर काय होते?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 नुसार असे मूल प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते आणि तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समिती मुलाच्या घरची सामाजिक चौकशी करायला लावते, मूल बालगृहात किंवा विशेष दत्तक संस्थेत ठेवते आणि पालकांचा शोध घेते.

शोध लागला नाही तर कलम 38 लागू होते. मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर समितीसमोर हजर केल्यापासून दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत समिती त्याला 'दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त' घोषित करू शकते. पुढे दत्तकाचा आदेश झाला की जन्मदात्या कुटुंबाशी मुलाचे कायदेशीर नाते संपते. त्यामुळे हे सुरुवातीचे दोन-चार महिनेच सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

पालकांना कळवण्याचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग जाहीर सूचनेचा. अनाथ किंवा सोडून दिलेल्या मुलाचा फोटो आणि तपशील वृत्तपत्रात छापावा लागतो, तसेच हरवलेल्या-सापडलेल्या मुलांच्या सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. पण फडावरच्या आईच्या हाती ते वर्तमानपत्र कधी पडणार? बीडचे कुटुंब तोडीसाठी कर्नाटकात गेले असेल आणि सूचना तिसऱ्याच जिल्ह्यात छापली गेली, तर कागदावर नियम पाळला जातो, पण आईपर्यंत काहीच पोहोचत नाही.

दुसरा मार्ग सुनावणीचा. कलम 3 मध्ये कायद्याची मूलतत्त्वे दिली आहेत. नैसर्गिक न्याय, म्हणजे बाजू मांडण्याची रास्त संधी, हे त्यातलेच एक. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आणि मूल आपल्या कुटुंबात परत जाणे हा त्याचा हक्क, हेही त्याच कलमात आहे. म्हणून पालकांचा पत्ता समितीला माहीत असेल तर त्यांचे म्हणणे ऐकले गेलेच पाहिजे, असा आग्रह धरायला कायद्याचा आधार आहे.

तिसरा मार्ग स्वेच्छेने मूल सोपवणाऱ्या पालकांसाठी. कलम 35 प्रमाणे समितीला चौकशी व समुपदेशन करावे लागते आणि समर्पणपत्र झाल्यावर फेरविचारासाठी दोन महिने द्यावे लागतात. या काळात आई मूल परत मागू शकते. अंगठा घेताना हे तिला तिच्या भाषेत सांगितले गेले का, हे कार्यकर्त्यांनी विचारलेच पाहिजे.

अनेक माता पोलिसांच्या भीतीने पुढे येत नाहीत. त्यांना सांगा : सोडलेल्या किंवा समर्पित केलेल्या मुलाच्या चौकशीत जन्मदात्या पालकांवर गुन्हा नोंदवू नये, असे कलम 38 मध्येच स्पष्ट म्हटले आहे.

धम्मातला आधार

विनयपिटकात राहुलाच्या प्रव्रज्येची हकिकत आहे. नातवाला संघात घेतल्यावर शुद्धोदनाने आपले दुःख बुद्धांपुढे मांडले आणि आईवडिलांच्या परवानगीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती केली. बुद्धांनी ती मान्य करून तसा नियमच केला. संघात जाणे हे मुलाच्या हिताचेच मानले जात होते, तरीही पालकांना विचारणे आवश्यक ठरले. हेतू चांगला आहे एवढ्यावर प्रक्रिया टाळता येत नाही, हा धडा आजही लागू आहे.

आपण काय करावे?

मूल हरवले की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्या. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावले आहे. सापडलेल्या मुलाची नोंद जुळायची तर हरवल्याची नोंद आधी हवी. सोबत 1098 या हेल्पलाईनवरही कळवा.

मूल कोणत्या समितीसमोर आहे हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. पालकांच्या वतीने समितीला लेखी अर्ज द्या, त्यात सध्याचा पत्ता, फोन आणि कामासाठी जाण्याचे ठिकाण लिहा आणि पोच घ्या. जन्मदाखला, अंगणवाडीची नोंद, रेशनकार्ड, लसीकरणाचे कार्ड, जे असेल ते जोडा.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही हा लाभ आहे. 15100 वर फोन करा किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा. समितीचा आदेश अमान्य असेल तर 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते.

अडचण केवळ गरिबीची असेल तर बालसंगोपन योजनेतून मदत मिळवून मूल घरीच ठेवता येईल का, हे समितीसमोर मांडा.

एक खबरदारी मात्र घ्या. समितीसमोर असलेल्या मुलाचा फोटो किंवा नाव व्हॉट्सअॅप, फेसबुकवर टाकू नका. कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे.

ज्या मुलाला खरोखर कुणी नाही, त्याला दत्तक कुटुंब मिळावे, त्याला आमचा विरोध नाही. पण ज्याची आई त्याला शोधत फिरते आहे, ते मूल कुणीच नसलेले ठरू नये. प्रत्येक विहारात निदान दोन युवकांनी ही प्रक्रिया समजून घ्यावी आणि समितीचा पत्ता फलकावर लावावा. सूचना वर्तमानपत्रात येईलच; ती वस्तीपर्यंत पोहोचवणे आपल्या हातात आहे.

जय भीम, नमो बुद्धाय!